जवळ आलेले विद्यापीठ

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये निघाले, तेव्हा तिथल्या मुलांची परीक्षा कलकत्ता विद्यापीठ घेत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कॉलेज अलाहाबादला जोडले गेले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपुरातच विद्यापीठ झाले आणि विदर्भातल्या मुलाला पदवीसाठी गंगेकाठाकडे बघायचे कारण उरले नाही. पश्चिम विदर्भ १९८३ मध्ये अमरावतीच्या नव्या विद्यापीठाकडे गेला. चंद्रपूर आणि गडचिरोली मात्र नागपूरलाच जोडलेले राहिले. आणि सिरोंच्याहून नागपूर म्हणजे पावणेचारशे किलोमीटरच्या घरात. २७ सप्टेंबर २०११ रोजी या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. कलकत्ता, अलाहाबाद, नागपूर, गडचिरोली. विद्यापीठाला वैनगंगा ओलांडायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला.

इतकी विद्यापीठे हवीत कशाला, असा प्रश्न शहरांतून नेहमी विचारला जातो. एका जिल्ह्यापुरते सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये झाले तेव्हाही तो विचारला गेला होता. विद्यापीठ लहान झाले की त्याची पत घसरते, अशी समजूत त्यामागे असते. मला या प्रश्नाची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. विद्यापीठ जवळ येते तेव्हा विद्यार्थ्याची सोय होते हे खरेच, पण विद्यापीठावरही एक जबाबदारी येते. कलकत्त्यात बसलेल्या परीक्षकाला वैनगंगेच्या खोऱ्यात काय पिकते, कोण कोणती भाषा बोलते, हे माहीत नसले तर तो त्याचा दोष नव्हता. गडचिरोलीतल्या विद्यापीठाला ती सवलत उरत नाही.

‘लहान’ या शब्दानेही आपली दिशाभूल होते. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे, चंद्रपूरचे ११,४४३. दोन्ही मिळून हा प्रदेश गोव्याच्या जवळपास सातपट भरतो. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३२ लाख ७७ हजार, त्यातली दोन तृतीयांश चंद्रपूरकडची. चंद्रपूरला कोळसा, औष्णिक वीज, बल्लारपूरचा कागद कारखाना, रेल्वे. गडचिरोलीचा तीन चतुर्थांश भाग जंगल. आणि १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा दशकानुदशके देसाईगंज म्हणजे वडसा या एकाच रेल्वे स्थानकावर भागवत आला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते, आणि भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा एकत्र येतात. गोंडी, माडिया, झाडीबोली, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याच्या वसाहतींत पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांची बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. महाराष्ट्रातल्या आणखी कोणत्या विद्यापीठाच्या दोन जिल्ह्यांत इतक्या भाषा घराघरांत बोलल्या जात असतील, याची मला शंका आहे.

या भूमीचा आणि आपल्या आधुनिक विद्यापीठांचा इतिहास एका विचित्र ठिकाणी शेजारी येतो. १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती १८५७ साली. त्याच सुमारास चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, मुलूख पेटलेला होता. बाबुराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराने इंग्रजांविरुद्ध फौज उभी केली, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात त्याला फाशी दिले गेले. एकीकडे पदवीचे दार उघडत होते आणि दुसरीकडे, त्याच सत्तेच्या हाताखाली, या मुलखाच्या माणसाची मान फासात जात होती. दोन घटनांचा कार्यकारणसंबंध नाही. पण गोंडवाना हे नाव विद्यापीठाला देताना त्या नावाबरोबर काय काय येते, ते यावरून लक्षात यावे.

१८५७ च्या विद्यापीठांनी एक रचना आणली, आणि ती अजून आपल्या अंगावर आहे. लंडन विद्यापीठाच्या तेव्हाच्या नमुन्यावर ती बेतलेली होती. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. पुढे विद्यापीठांत अध्यापनाचे विभाग निघाले, संशोधन सुरू झाले, पण संलग्नतेचा सांगाडा तोच राहिला. मोठ्या, जुन्या विद्यापीठाला हा भार पेलतो, कारण त्याच्याकडे विभाग असतात, ग्रंथालये असतात, माजी विद्यार्थी असतात. नव्या प्रादेशिक विद्यापीठाला जन्मतःच शेकडो महाविद्यालये चिकटलेली मिळतात आणि स्वतःचे विभाग मात्र एकेक करून, पदमंजुरीची वाट बघत उभे करावे लागतात. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, अभ्यास मंडळे हे सारे कायद्याप्रमाणे मुंबई-पुण्याइतकेच लागते. माणसे मात्र तेवढी नसतात.

म्हणून अशा विद्यापीठाचे वर्ष खऱ्या अर्थाने दोन हंगामांत विभागलेले असते : हिवाळी परीक्षा आणि उन्हाळी परीक्षा. प्रश्नपत्रिका काढून घ्यायच्या, त्यांची गुप्तता राखायची, एटापल्लीपासून वरोऱ्यापर्यंतच्या केंद्रांवर त्या वेळेत पोचवायच्या, उत्तरपत्रिकांची बंडले परत आणायची, त्यांवर सांकेतिक क्रमांक घालायचे, मूल्यांकन केंद्रावर प्राध्यापक बोलवायचे, गुण चढवायचे, निकाल लावायचा, मग पुनर्मूल्यांकनाचे अर्ज. हा निकाल लागतो न लागतो तोच पुढच्या सत्राचे परीक्षा अर्ज सुरू होतात. परीक्षा विभागातली माणसे हे काम किती निष्ठेने करतात हे बाहेरच्याला दिसत नाही. निकाल उशिरा लागला की तेवढेच दिसते. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. तरुण विद्यापीठाची बहुतेक ताकद मोजमाप करण्यात खर्ची पडते आणि मोजायचे ते घडवायला ती उरत नाही, याचे मला वाईट वाटते.

मूल्यांकन केंद्रावरच्या एका उत्तरपत्रिकेजवळ जरा थांबू. पर्यावरण अभ्यास हा पदवीच्या सगळ्या शाखांना सक्तीचा विषय. प्रश्न आहे, जंगलांचे महत्त्व सांगा. उत्तर नेटक्या अक्षरात लिहिलेले आहे : जंगलामुळे पाऊस पडतो, प्राणवायू मिळतो, जमिनीची धूप थांबते, औषधी वनस्पती मिळतात, इमारती लाकूड मिळते. पाच मुद्दे, प्रत्येकाखाली दोन ओळी, मुद्द्यांखाली पट्टीने रेघ. दहापैकी सहा किंवा सात गुण पडतात आणि पान उलटते. हे उत्तर गाइडमधले आहे, आणि ते लिहिणारी मुलगी भामरागड किंवा धानोरा तालुक्यातल्या पाड्यावरची असू शकते. कोणत्या डोंगराच्या कोणत्या अंगाला चारोळी येते, मोहाचे कोणते झाड आधी गळते आणि कोणते मागून, पहिल्या पावसानंतर कोणत्या झाडाखाली अळिंबी उगवते, बांबूचा कोणता कोवळा कोंब भाजीला घ्यायचा आणि कोणता ठेवायचा, हे तिला ठाऊक आहे. कदाचित ती ज्या कागदावर लिहिते आहे तो बल्लारपूरच्या कारखान्यात तिच्याच जंगलातल्या बांबूपासून बनलेला असेल. पण प्रश्नाने तिला ते विचारले नाही, आणि विचारलेले नसताना लिहिण्याची हिंमत परीक्षार्थ्याने करू नये हे ती आश्रमशाळेपासून शिकत आली आहे. तपासणारे प्राध्यापकही बहुधा याच भागातले, अनेकदा तासिका तत्त्वावर काम करणारे, दिवसाला ठरावीक पेपर तपासायला बांधलेले. दोघांनाही जे ठाऊक आहे ते त्या पानावर कुठेच नाही. विद्यापीठ कलकत्त्यात असते तर या उत्तरात एका शब्दाचाही फरक पडला नसता.

तरीही हे विद्यापीठ इथे असण्याने काय साधले, ते कमी लेखणे अन्यायाचे होईल. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि भामरागडचा संपर्क तुटतो. हे दरवर्षीचे आहे. त्याच दिवसांत प्रवेश चालू असतात, परीक्षा अर्ज भरायचे असतात, जात पडताळणीची कागदपत्रे जोडायची असतात, आणि अर्ज ऑनलाइन असला तरी रेंज मिळायला टेकडीवर जावे लागते. अशा वेळी नावातली एक चूक दुरुस्त करायला, राखून ठेवलेला निकाल सोडवायला किंवा स्थलांतर प्रमाणपत्र आणायला नागपूरला जायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी, भाडे आणि रात्रीच्या मुक्कामाची चिंता. मुलीच्या बाबतीत तर घरचे सरळ सांगत, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचे वर्ष पुष्कळदा आलेच नाही. सिरोंच्याहून गडचिरोलीही काही जवळ नाही, दोनशे किलोमीटरहून जास्त आहे. पण सकाळच्या एसटीने निघून काम आटोपण्याची निदान शक्यता आहे. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलीच्या आयुष्यात या शक्यतेचे मोल फार मोठे असते. विद्यापीठाची गुणवत्ता ठरवणाऱ्या कोणत्याही मूल्यांकनाच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

आणि एक वेळापत्रक आहे, त्याविषयी कुणी फारसे बोलत नाही. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत मोह गळतो. पहाटे अंधार असतानाच टोपल्या घेऊन जावे लागते, कारण ऊन चढले की फुले सुकायला लागतात आणि गुरे, अस्वले, हरणे सगळ्यांचाच त्यांच्यावर डोळा असतो. घरातली जितकी माणसे जातील तितका मोह घरात येतो. मग एप्रिलअखेर आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. ७० पानांचे एक पुडके. सकाळी पाने तोडायची, दुपारी घरी सगळ्यांनी बसून जुळवायची, बांधायची, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायची. हंगाम दोन-तीन आठवड्यांचा, पण कित्येक घरांचे वर्षाचे रोख पैसे त्यातूनच येतात. मुलाच्या पुढच्या वर्षीच्या शुल्काचे आणि खोलीभाड्याचेही. नेमक्या याच दोन महिन्यांत विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा पडते. जून-जुलैत धानाची रोवणी आणि कॉलेजचे प्रवेश एकत्र येतात. दिवाळीनंतर धान निघते, गावोगाव मंडई भरते, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि हिवाळी परीक्षेचे वेळापत्रक लागते. विद्यापीठाचे वर्ष आणि इथल्या घराचे वर्ष या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि विद्यार्थी त्या दोन्हींमध्ये एकाच वेळी उभा असतो. उन्हाळी परीक्षेला गैरहजर राहिलेल्याच्या नावापुढे निकालपत्रात ‘अनुपस्थित’ एवढेच येते. तो त्या दिवशी कुठे उपस्थित होता, ते निकालपत्र विचारत नाही.

परीक्षांच्या तारखा राज्यभर साधारण सारख्या असाव्यात याला कारणे आहेत. पदव्युत्तर प्रवेश असतात, शिष्यवृत्तीच्या मुदती असतात, शासनाचे शैक्षणिक वेळापत्रक असते. पण विद्या परिषद हा अधिकार असलेले मंडळ आहे, आणि लहान विद्यापीठ हवे ते मुळात अशा निर्णयासाठी. सहा जिल्ह्यांच्या नागपूर विद्यापीठाला मोहाचा विचार करणे शक्य नव्हते. दोन जिल्ह्यांच्या विद्यापीठाला ते शक्य आहे.

अशा विद्यापीठाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. स्वातंत्र्यानंतर नेमलेल्या पहिल्याच मोठ्या शिक्षण आयोगाने, म्हणजे डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या १९४८-४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने, ग्रामीण विद्यापीठांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. आयोगाचे एक सदस्य आर्थर मॉर्गन हे अमेरिकन अभियंता होते. टेनेसी नदीच्या खोऱ्यातल्या विकास प्रकल्पाचे ते पहिले प्रमुख, आणि त्याआधी अँटिऑक कॉलेजात त्यांनी काम आणि अभ्यास यांची सांगड घालून पाहिलेली. खेड्यातले काम हीच प्रयोगशाळा आणि तिथले प्रश्न हाच अभ्यासक्रम, अशी त्या प्रकरणाची दिशा होती. त्यातून १९५६ मध्ये देशात ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था सुरू झाल्या. महाराष्ट्रात गारगोटीच्या मौनी विद्यापीठात, जिथे जे. पी. नाईक यांनी मोठे काम उभे केले, आणि अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या संस्थेत. पुढे त्यांतल्या बहुतेक संस्था नेहमीच्या पदवीच्या चाकोरीत आल्या. कारण साधे होते. त्यांची पदविका नोकरीच्या बाजारात पदवीसारखी चालत नसे, आणि खेड्यातल्या आईबापांना मुलाच्या हातात चालणारा कागद हवा होता. त्यांचे चुकले असे कुणी म्हणू नये. चुकले ते, चालणारा कागद आणि गावचे ज्ञान या दोन गोष्टी वेगवेगळ्या संस्थांकडे सोपवण्यात. गोंडवाना विद्यापीठाकडे कायद्याने दिलेली, देशभर चालणारी पदवी आहे. गारगोटीला जे मिळाले नाही ते त्याला आयते मिळाले आहे.

मॉर्गन ज्या अमेरिकेतून आले होते तिथल्या विद्यापीठांचा आणखी एक इतिहास इथे आठवायला हवा. शेतकरी-कामगारांच्या मुलांसाठी राज्याराज्यांत विद्यापीठे निघावीत म्हणून २ जुलै १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी जस्टिन मॉरिल यांच्या कायद्यावर सही केली. केंद्राने राज्यांना जमीन द्यायची आणि तिच्या विक्रीतून विद्यापीठ उभे करायचे. लोकशिक्षणाच्या इतिहासात हा कायदा मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. पण ती १ कोटीहून अधिक एकर जमीन आली कुठून? तिथल्या मूळ रहिवासी जमातींकडून. करारांनी, फसवणुकीने, बळाने घेतलेली. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या भांडवलाचा मोठा भाग विस्कॉन्सिनच्या पाइन वृक्षांच्या जंगलातून आला. सामान्यांच्या मुलांना शिकवणारी विद्यापीठे, आणि ज्यांच्या जंगलावर ती उभी राहिली त्यांची मुले तिथे नाहीत. गडचिरोलीत बसून हे वाचताना अस्वस्थ व्हायला होते. इथला बांबू बल्लारपूरला गेला, सुरजागडचे लोहखनिज ट्रकांनी बाहेर जाते, चंद्रपूरच्या कोळशाची वीज राज्यभर जळते. या मुलखातून बाहेर जाणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे. विद्यापीठानेही इथल्या हुशार मुलांना फक्त बाहेर जाण्याची वाट दाखवली, तर त्या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडेल.

दुसरा मार्ग आहे, आणि तो या भूमीने विद्यापीठ येण्याच्या आधीच दाखवला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये राणी बंग आणि सहकाऱ्यांचा निबंध छापून आला : इथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच तोपर्यंत धरले जात होते. या आकड्याने तो विचार बदलायला लावला. १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात दुसरा निबंध. ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले, नवजात बाळाची काळजी घरातच घ्यायला शिकवले, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. पुढे देशाने घरच्या घरी नवजात बालसेवेची पद्धत राबवली तिचे मूळ या गावांत आहे. जगभरच्या वैद्यकशास्त्राने दखल घेतलेले हे ज्ञान ज्या जिल्ह्यात निर्माण झाले तिथे तेव्हा विद्यापीठ नव्हते, आणि ते निर्माण करण्यात थोडेसेच शिकलेल्या बायकांचा वाटा होता.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला तीसेक किलोमीटरवर मेंढा गाव आहे. लेखा-मेंढा म्हणून ते ओळखले जाते. या गोंड गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. आणि निर्णयाच्या आधी अभ्यास होतो. त्यासाठी गावात अभ्यास गट बसतो. जंगल, कायदे, मध, बांबू, दारू, जमीन असा कुठलाही विषय. बाहेरचा जाणकार बोलवायचा, त्याला प्रश्न विचारायचे, आपल्याला ठाऊक असलेले त्याला सांगायचे, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत घ्यायचा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने हे वर्षानुवर्षे चालवले. मधमाश्या न मारता, पोळे न जाळता मध काढण्याची पद्धत अशाच अभ्यासातून पुढे आली. वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत २००९ मध्ये मेंढा होते. आणि एप्रिल २०११ मध्ये, तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत, स्वतःच्या जंगलातल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. पाच महिन्यांच्या अंतराने या जिल्ह्यात दोन संस्थांना आपापला अधिकार मिळाला. एकीला पदवी देण्याचा, दुसरीला आपले जंगल राखण्याचा आणि विकण्याचा. त्या दोघींचे एकमेकींशी बोलणे किती होते, यावर या विद्यापीठाचे मोठेपण मी तरी ठरवीन.

बोलण्यावरून भाषा आलीच. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे देशात जवळपास ३० लाख होते, आणि तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली, तेव्हा तिला मान्यतेसाठी झगडावे लागले. मराठीवर प्रेम असणाऱ्या माणसाने यावर थांबून विचार करावा असे मला वाटते. मराठी ज्ञानभाषा व्हावी म्हणून आपण इंग्रजीकडे ज्या युक्तिवादाने बोट दाखवतो, तोच युक्तिवाद माडिया मूल मराठीकडे बोट दाखवून करू शकते. या विद्यापीठात मराठी विभागाने गोंडीला आणि माडियाला शेजार द्यावा, झाडीबोलीला घरातले स्थान द्यावे. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर रात्रभर चालणारी नाटके हजारो लोक तिकीट काढून बघतात. त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. वडशातल्या नाटक कंपन्यांचा हिशेब, त्यांची संहिता लिहिण्याची पद्धत, नट-नट्यांचे करार, गावातल्या मंडळांनी उचललेली जोखीम, हे नाट्यशास्त्राचेही प्रकरण आहे आणि अर्थशास्त्राचेही. ते लिहायला याहून जवळचे विद्यापीठ नाही.

काही पावले पडलीही आहेत. विज्ञान-तंत्रज्ञानाचे संसाधन केंद्र विद्यापीठात आहे. ‘विद्यापीठ आपल्या गावात’ या उपक्रमात शिक्षण सुटलेल्या गावकऱ्यांसाठी जांभळीसारख्या गावात पदवीचे वर्ग गेले. दिवसभर शेतात राबलेली माणसे संध्याकाळी वही घेऊन बसली. ५ जुलै २०२३ रोजी दहाव्या दीक्षान्त समारंभाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू गडचिरोलीत आल्या, अडपल्लीच्या नव्या परिसराची पायाभरणी झाली. इमारती हव्यातच, प्रयोगशाळा आणि मुलींची वसतिगृहे तर तातडीने हवीत. पण मला जांभळीचा वर्ग अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथे अंतर कापायचे काम विद्यापीठाने स्वतःवर घेतले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची म्हटले आहे. चांगल्या महाविद्यालयांनी स्वायत्त व्हायचे, स्वतःच्या परीक्षा घ्यायच्या. चंद्रपूरच्या जुन्या महाविद्यालयांना ते जमेल. कोरची किंवा एटापल्लीच्या महाविद्यालयाला, जिथे मंजूर पदे भरलेली नाहीत आणि एका विषयाला एक तासिका प्राध्यापक आहे, स्वायत्तता म्हणजे वाऱ्यावर सोडणे होईल. त्यांना विद्यापीठाचा हात पुढेही लागणार. मात्र ज्या प्रमाणात परीक्षेचा भार हलका होईल त्या प्रमाणात वेळ आणि माणसे मोकळी होतील, आणि ती कशाला लावायची हा निर्णय विद्यापीठाला घ्यावा लागेल.

एक काम तर आत्ताही करता येण्यासारखे आहे. गडचिरोलीच्या जंगलावर, ग्रामसभांवर, माडिया समाजावर पीएच.डी. करणारे पुष्कळ आहेत. प्रबंध टंकलिखित होतो, बांधला जातो, परीक्षकांकडे जातो, आणि शेवटी खुली मौखिक परीक्षा होते. खुली म्हणजे कुणीही येऊन बसावे, प्रश्न विचारावा, असा तिचा नियमच आहे. प्रत्यक्षात विभागातल्या खोलीत मार्गदर्शक, बाह्य परीक्षक आणि काही संशोधक विद्यार्थी असतात. ज्या गावावर प्रबंध लिहिला त्या गावात ही परीक्षा ठेवावी. कुलगुरूंची संमती, परीक्षकांसाठी एक जादा दिवस आणि एक गाडी, एवढ्यात ते बसते. संशोधकाने गोटुलात, म्हणजे गावाच्या सामूहिक घरात, उभे राहून, गोंडी दुभाष्याला सोबत घेऊन, आपले निष्कर्ष सांगावेत. तुम्ही वर्षाला इतका मोह गोळा करता, तुमच्यातले इतके लोक ग्रामसभेला येतात, तुमचे जंगल या कारणाने दाट झाले किंवा विरळ झाले. मग बाह्य परीक्षकांच्या आधी गावातल्या बायकांना पहिला प्रश्न विचारू द्यावा.